नजरबंदी नेमकी कशाची? एक नाणं, एक चेंडू आणि एक वही घेऊन शिकायची रीत

जादू करून झाली की नवशिक्या समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतो. फसला का? माझं सांगणं असं, की त्याच क्षणी त्याला विचारा, "तुला काय काय दिसलं? अगदी पहिल्यापासून सांग." तो सांगेल ते शब्दाला शब्द वहीत उतरवा. प्रत्यक्षात घडलेलं एक असतं आणि त्याला दिसलेलं दुसरंच असतं. या दोहोंमधला फरक गोळा करायला लागलात की जादू हा माणसाच्या मनाकडे बघायचा फार सुंदर झरोका होतो.

मी विज्ञान शिकवतो आणि शिकवण्यासाठी हातचलाखी वापरतो. पुढे दिलेल्या पायऱ्या नवख्या माणसासाठी आहेत. बोटांची करामत फार लागत नाही. रोज वीस मिनिटं दिलीत तर महिन्याभरात सगळं जमेल.

सुरुवातीला एक गैरसमज बाजूला ठेवू. "हात डोळ्यापेक्षा चपळ असतो" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते खरं नाही. सराईत जादूगार महत्त्वाची हालचाल बहुतेकदा सावकाश करतो, कारण घाई दिसली की शंका येते. मराठीतला 'नजरबंदी' हा शब्द मला फार आवडतो, पण जादूत नजर कोणी बांधत नाही. नजर मोकळीच असते. अडकतं ते लक्ष, आणि लक्ष अडकलं की पुढचं काम प्रेक्षकाचं मन स्वतःहून करतं.

सामान अगदी थोडं: पाच रुपयांचं एक नाणं, टेबल टेनिसचे दोन चेंडू, पत्त्यांचा एक कॅट, एक आरसा आणि एक वही. प्रेक्षक मात्र एका वेळी एकच घ्या. दोघं शेजारी बसले की दुसरा पहिल्याचं ऐकून आपलं उत्तर बदलतो आणि वहीतली नोंद फुकट जाते.

पायरी १: आधी स्वतःचे डोळे तपासा

आरशासमोर वीतभर अंतरावर उभे राहा. स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या, पुन्हा डाव्या. बुबुळं हललेली दिसतात का? नाही दिसणार. शेजारी कोणाला तरी उभं करा, त्याला ती हलताना स्वच्छ दिसतील. नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारते त्या क्षणापुरतं मेंदू दृश्य दाबून टाकतो. अशा उड्या आपण सेकंदाला तीन-चार मारतो. म्हणजे दिवसभर आपल्या दिसण्यात असंख्य बारीक खंड पडत असतात आणि आपल्याला एकाचाही पत्ता नसतो.

आता भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहा. मधल्या एका तारखेवर नजर खिळवा आणि नजर न हलवता तीन-चार घरं पलीकडचं बारीक अक्षर वाचून बघा. वाचता येणार नाही. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं तर ते नख जेवढी जागा व्यापतं, साधारण तेवढ्याच भागात आपल्याला सगळ्यात स्पष्ट दिसतं. बाकीचं सगळं पुसट असतं, आणि तरीही अख्खी खोली एकदम स्वच्छ दिसतेय असं आपण शपथेवर सांगू.

तिसरी चाचणी कागदावर. आठ सेंटिमीटर अंतरावर दोन ठळक ठिपके काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने डाव्या ठिपक्याकडे बघा आणि कागद पुढेमागे करा. साधारण तीस सेंटिमीटरवर उजवा ठिपका गायब होईल. तिथे डोळ्याची नस पडद्यातून बाहेर पडते, त्यामुळे त्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. एदम मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात हे दाखवून दिलं. खरी गंमत पुढे आहे. हाच प्रयोग रेघांच्या वहीवर करा. ठिपका जातो, पण त्या जागी भोक दिसत नाही. रेघ सलग जाताना दिसते! मेंदूने रिकामी जागा आजूबाजूच्या मालाने भरून काढलेली असते. पुढच्या प्रत्येक पायरीत हीच भरणी वेगवेगळ्या रूपांत भेटेल.

पायरी २: न फेकलेला चेंडू

एकच प्रयोग करायला वेळ असेल तर हा करा.

टेबलाच्या एका बाजूला तुम्ही, समोर प्रेक्षक. उजव्या हातात चेंडू. दीड-दोन फूट वर फेका आणि झेला. झेलताना हात टेबलाच्या कडेखाली जरा उतरू द्या, कोणीही फेकण्याआधी हात खाली नेतोच. दुसऱ्यांदा तेच. दोन्ही वेळा तुमची नजर चेंडूबरोबर वर गेली पाहिजे आणि त्याच्याबरोबर खाली आली पाहिजे. तिसऱ्यांदा हात कडेखाली गेला की चेंडू मांडीवर सोडून द्या आणि रिकामा हात आधीसारखाच वर न्या. तीच गती, तोच झटका. नजर वर जाऊ द्या, आधी चेंडू जिथपर्यंत जात होता तिथपर्यंत. तिथे थांबा. चेहऱ्यावर थोडं आश्चर्य येऊ द्या.

आता विचारा. "चेंडू कुठे गेला?" एवढाच प्रश्न नको, "शेवटचा कुठे दिसला?" असं विचारा. बरेच जण बोट वर करतात. "इथपर्यंत गेला आणि मग दिसेनासा झाला." काही जण तर तो छताकडे गेला म्हणतात. तिसऱ्या खेपेला चेंडू टेबलाच्या वर आलेलाच नसतो, हे लक्षात घ्या. त्यांना जे दिसलं ते घडलंच नव्हतं.

हा प्रयोग जुना आहे. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०० साली जादूच्या मानसशास्त्रावरच्या आपल्या लेखात तो मांडला. त्याने शाळकरी मुलांसमोर हे केलं आणि जवळजवळ निम्म्या मुलांनी चेंडू वर जाताना पाहिल्याचं सांगितलं. पुढे २००६ मध्ये इंग्लंडमध्ये गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी तोच खेळ प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजत केला. गुस्ताव कून स्वतः जादूगारही आहेत, त्यामुळे त्यांना नेमकं काय बदलून बघायचं ते ठाऊक होतं. एका चित्रफितीत तिसऱ्या खेपेला जादूगाराची नजर वर जाते, दुसरीत ती चेंडू दडवलेल्या हातावरच राहते. बाकी सगळं सारखं. नजर वर गेली तेव्हा ६८ टक्के लोकांना भास झाला, नजर हातावर राहिली तेव्हा ३२ टक्क्यांना. म्हणजे प्रेक्षकाच्या डोळ्यांना खरा हुकूम हातापेक्षा चेहऱ्याकडून मिळतो.

त्याहून चकित करणारी गोष्ट डोळ्यांच्या नोंदींतून निघाली. चेंडू वर जाऊन नाहीसा झाला असं सांगणाऱ्या लोकांचे डोळे त्या वरच्या जागेपर्यंत पोहोचलेच नव्हते. डोळे फसले नाहीत, मन फसलं. मेंदूला डोळ्यांकडून खबर पोहोचायला आणि तिचा अर्थ लागायला सेकंदाचा काही अंश लागतो. रस्ता ओलांडताना, झेल घेताना तेवढा उशीर परवडत नाही, म्हणून पुढे काय होणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधत असतो. दोनदा चेंडू वर गेला, हात तसाच हलला, समोरच्याची नजर वर गेली. एवढा पुरावा मेंदूला पुरे होतो आणि तिसरा चेंडू तो स्वतःच फेकतो.

वहीत दोन रकाने करा. पाच जणांसमोर नजर वर नेऊन करा, दुसऱ्या पाच जणांसमोर नजर हातावर ठेवून. फरक तुम्हालाच दिसेल. एकाच माणसावर दोन्ही करू नका, दुसऱ्या वेळी तो टपून बसलेला असतो.

पायरी ३: नाणं या हातातून त्या हातात

आता थोडी बोटांची सवय लागेल. उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिकेच्या मुळाशी नाणं ठेवा. डावा तळवा उघडा धरा. आधी नाणं खरोखरच डाव्या हातात टाका आणि डावी मूठ मिटा. आरशासमोर वीस वेळा नुसतं हेच करा. मनगट किती वळतं, खांदा हलतो का, नजर कुठे जाते, डावी बोटं कधी मिटतात, सगळं बघा. मग एकविसाव्या वेळी उजवा हात तसाच वळवा, फक्त ती दोन बोटं किंचित आवळून नाणं अडवून ठेवा. डावी मूठ नाणं मिळाल्यासारखी मिटा. उजवा हात सैल सोडून खाली येऊ द्या. चालताना आपला हात जसा अर्धवट मिटलेला असतो तसाच.

नवशिक्याच्या चुका इथे ठरलेल्या असतात. उजवा हात ताठरतो, किंवा डोळे चोरासारखे उजव्या हाताकडे जाऊन येतात. माझ्या डोळ्यांची ही खोड जायला सहा महिने लागले. उपाय एकच: नाणं डाव्या हातात आहे असं स्वतःला पटवा. त्या मुठीला नाण्याचं वजन आहे, कड टोचते आहे, असं मनात आणा. तुमचं लक्ष खरोखर डाव्या मुठीत असेल तर प्रेक्षकाचंही तिथेच जाईल. लक्ष संसर्गजन्य असतं. कोपऱ्यावर चार माणसं वर बघत उभी राहिली की पाचवा बघतोच.

डावी मूठ बाजूला नेताना सरळ रेषेत नेऊ नका, थोडी गोलाईत न्या. लास वेगासचा अपोलो रॉबिन्स हा खिसे मारायचे खेळ करून दाखवणारा कलावंत हेच वर्षानुवर्षं सांगत असे. २०११ मध्ये मेंदूशास्त्रज्ञांनी त्याच्यासोबत ते तपासून पाहिलं. हात वळण घेत गेला की बघणाऱ्याची नजर त्याच्याबरोबर वाहत जाते, सरळ गेला की उड्या मारते, आणि वळणदार हालचालीत लक्ष जास्त पक्कं गुंतत असल्याचं त्यांना आढळलं.

आणखी दोन युक्त्या. पहिली, नाणं अडवायच्या नेमक्या क्षणी समोरच्याला एखादा साधा प्रश्न विचारा. "हे नाणं तुझंच ना?" चालेल. प्रश्न कानावर पडला की माणूस विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो, ही आपली संस्कृतीच आहे. दुसरी, मूठ लगेच उघडू नका. "फुंकर मार" म्हणा, थोडं थांबा, मग एकेक बोट उघडा. नाणं खरं 'गेलं' ते पाच-सात सेकंदांपूर्वी, पण कारण आणि परिणाम शेजारी-शेजारी शोधायची मनाला सवय असते. तुमचा प्रेक्षक फुंकरीचा क्षण पुनःपुन्हा आठवत राहील, आणि तिथे सापडण्यासारखं काहीच नाही.

वहीतला प्रश्न: "नाणं डाव्या हातात पडताना दिसलं का?" पुष्कळ जण ठामपणे "हो" म्हणतील.

पायरी ४: समोर असलेलं न दिसणं

पत्ते काढा. इस्पिक राजा, बदाम राणी, किलवर गुलाम, चौकट राजा, इस्पिक राणी, बदाम गुलाम ही सहा पानं ओळीने मांडा आणि मोबाइलवर फोटो काढा. मग किलवर राजा, चौकट राणी, इस्पिक गुलाम, बदाम राजा, किलवर राणी ही पाच पानं मांडून दुसरा फोटो. परगावी असलेल्या मामाला किंवा मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पहिला फोटो पाठवा. "यातलं एक पान मनात धर. मला सांगू नकोस. नीट डोळ्यांसमोर आण." मिनिटभर थांबा आणि दुसरा फोटो पाठवा. "तुझं पान काढून टाकलं."

मामाचं पान तिथे नसणारच, कारण पहिल्या फोटोतलं एकही पान दुसऱ्यात नाही. आणि तरीही माणसं थक्क होतात! आपलं एक पान लक्षात ठेवताना बाकीची पाच त्यांनी पाहिली, पण साठवली नाहीत. सगळी चित्रांची पानं, लाल-काळी मिसळलेली, म्हणजे 'तीच असणार' असं मन गृहीत धरतं. इथे हातचलाखी शून्य आहे, म्हणून मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. फोटो पुन्हा उघडून तपासायलाही कोणी बंदी घातलेली नसते.

१९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी याच आंधळेपणाचा सगळ्यात गाजलेला प्रयोग केला. पांढऱ्या कपड्यातले खेळाडू एकमेकांना चेंडू किती वेळा देतात ते मोजायचं. मधूनच गोरिलाच्या वेषातली व्यक्ती खेळाडूंमधून चालत जाते. मोजणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ती दिसलीच नाही. त्याच्या आदल्या वर्षी सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांनी याहून धाडसी प्रयोग केला होता. एक अनोळखी माणूस वाटसरूला पत्ता विचारतोय, तेवढ्यात दोन जण एक दार उचलून दोघांच्या मधून जातात आणि दाराआड विचारणारा माणूसच बदलतो. सुमारे निम्मे वाटसरू नव्या माणसाला तसाच पुढे पत्ता सांगत राहिले.

हे ऐकून "लोक किती बावळट" असं वाटलं तर चूक होईल. मोजायचं काम मनापासून करणाऱ्यालाच गोरिला दिसत नाही. लक्ष देण्याची किंमतच ही, की बाकीचं सुटतं.

डोळे नेमके तिथेच रोखलेले असतानाही सुटतं, हे कून आणि बेंजामिन टॅटलर यांनी २००५ मध्ये दाखवलं. जादूगार सिगारेट उघडपणे मांडीवर टाकतो आणि बहुतेकांना कळत नाही. ज्यांना कळलं आणि ज्यांना नाही, त्यांच्या नजरेच्या जागेत फारसा फरक नव्हता. म्हणून प्रेक्षक तुमच्या हाताकडे टक लावून बघत असला तरी घाबरू नका. तो बघतोय, पण त्याचं लक्ष कदाचित तुमच्या पुढच्या वाक्यावर आहे.

पायरी ५: निवड

थोडक्यात सांगतो, कारण ही युक्ती बोलण्याची आहे आणि ती बोलून-बोलूनच जमते. टेबलावर कप आणि चमचा ठेवा. चिठ्ठीवर आधीच लिहा: "तू चमचा घेशील." म्हणा, "एक वस्तू उचल." चमचा उचलला तर, "ठीक, तो तुझ्याकडे ठेव." कप उचलला तर, "बरं, तो बाजूला कर, मग राहिला चमचा." चिठ्ठी उघडा. दोन्ही वाक्यं तितक्याच सहज, न अडखळता आली पाहिजेत. मागाहून विचारा, "निवड कोणाची होती?" उत्तर "माझी" असं येतं, आणि तेही छातीठोकपणे.

स्वीडनच्या लुंड विद्यापीठात पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जादूगारांची पत्ते बदलायची युक्ती वापरून याची दुसरी बाजू तपासली. दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवून आवडता निवडायला सांगायचं, मग हळूच नाकारलेलाच फोटो हातात देऊन विचारायचं, "हा का आवडला?" बहुतेक वेळा बदल लक्षात आला नाही. लोकांनी कारणंही दिली, आणि काही कारणं तर ज्या चेहऱ्याला त्यांनी नाकारलं होतं त्यालाच लागू पडणारी होती. जे ओल्सन या जादूगार-संशोधकाने २०१५ मध्ये पत्ते फरफर सोडून दाखवताना एक पान किंचित जास्त वेळ दिसू दिलं. ९८ टक्के लोकांनी तेच पान निवडलं आणि बहुतेकांना आपली निवड मोकळी वाटली.

पायरी ६: दोन दिवसांनी पुन्हा विचारा

ही पायरी लोक वगळतात. कृपया वगळू नका, वहीतल्या सगळ्यात रसाळ नोंदी इथे मिळतात.

नाण्याचा खेळ ज्याला दाखवलात त्याला दोन-तीन दिवसांनी गाठा आणि तुमच्या देखत तिसऱ्या माणसाला तो खेळ सांगायला लावा. माझ्या वहीत एका शेजारीणबाईंची नोंद आहे. त्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "तुम्ही नाणं डाव्या हातात घेतलंत, मी फुंकर मारली, नाणं गेलं." तीन दिवसांनी त्यांनी आपल्या सुनेला सांगितलं, "नाणं माझ्याच मुठीत होतं गं, ह्यांनी हातसुद्धा लावला नाही!" बाई खोटं बोलत नव्हत्या. आठवण कपाटातून जशीच्या तशी काढता येत नाही. ती दरवेळी नव्याने रचावी लागते, आणि रचताना चमत्काराला न शोभणारे बारकावे गळून पडतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशाच्या नावावर जमा आहे. दोर हवेत ताठ उभा राहतो, मुलगा त्यावर चढतो आणि वरून नाहीसा होतो, ती जगप्रसिद्ध 'भारतीय दोराची जादू'. तिला जगभर पोहोचवलं ते १८९० साली शिकागोच्या एका वृत्तपत्राने. जॉन विल्की या बातमीदाराने लिहिलं, की भारतात गेलेल्या दोन अमेरिकनांनी ही जादू पाहिली, पण कॅमेऱ्यात मात्र काहीच उमटलं नाही. काही महिन्यांनी वृत्तपत्राने गोष्ट रचलेली असल्याचं कबूल केलं. लेखातल्या एका प्रवाशाचं आडनाव एल्मोर होतं आणि आद्याक्षर एस, दोन्ही मिळून 'जास्त विका' असा इंग्रजीत अर्थ होतो, एवढी उघड थट्टा त्यात होती. कबुली फार थोड्यांपर्यंत गेली, गोष्ट मात्र सगळीकडे. १९३४ मध्ये लंडनच्या जादूगारांच्या 'मॅजिक सर्कल' या संस्थेने ही जादू करून दाखवणाऱ्याला ५०० गिनी जाहीर केल्या. बक्षीस कोणी नेलं नाही.

तरीही "मी भारतात असताना स्वतः पाहिली" असं सांगणारे निघत राहिले. रिचर्ड वाइझमन आणि पीटर लमाँट यांनी अशा साक्षी गोळा करून १९९६ मध्ये अभ्यास छापला. पाहणं आणि सांगणं यांत जितकी जास्त वर्षं गेली होती, तितकी जादू अधिक अचाट झाली होती. डोंबाऱ्याचं पोर बांबूवर चढून कसरत करतं, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. अशाच एखाद्या खऱ्या खेळाच्या आठवणीवर ऐकीव गोष्टीचे थर चढले असावेत, हे मला पटतं. ज्यांनी सांगितलं त्यांच्यातले पुष्कळ जण प्रामाणिक असतील. माझ्या शेजारीणबाईंइतकेच.

पायरी ७: स्वतःचं चित्रण करा

मोबाइल उभा करून आपला खेळ टिपा आणि सावकाश गतीने बघा. बुद्धिमापन चाचणीमुळे प्रसिद्ध झालेल्या आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये पॅरिसच्या जादूगारांची लागोपाठ छायाचित्रं काढून हेच केलं होतं. सुट्या छायाचित्रांत जादू शिल्लक राहिली नाही, कुठला हात काय लपवतोय ते उघडं पडलं. तुमच्या चित्रणात खेळ अगदी बाळबोध वाटेल. खचू नका. कॅमेऱ्याला अपेक्षा नसते, प्रेक्षकाला असते. चित्रण वापरायचं ते तुमच्या नजरेची चोरी आणि हाताचा ताठरपणा शोधायला.

कोणी फसलं नाही तर?

तीही नोंदच. माझी सहा वर्षांची भाची चेंडूच्या खेळाला म्हणाली, "तू टाकलाच नाहीस." तिला मी कुठे बघतोय याची पर्वा नव्हती, ती चेंडूकडे बघत होती. न फसलेल्याला विचारा, "तू कशाकडे बघत होतास?" त्यातून आपल्या खेळातली भेग कळते. प्रेक्षकावर चिडणारा किंवा त्याला ओशाळं करणारा माणूस यातलं काही शिकत नाही.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. "माझ्यात शक्ती आहे" असं गमतीतही म्हणू नका. बोटांच्या बेचक्यात लपवलेली राखेची गोळी चुरून 'विभूती' काढणाऱ्यांनी याच भरवशावर घरंच्या घरं लुबाडली आहेत. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव असे 'चमत्कार' आधी करून दाखवतात आणि मग उलगडतात. हा क्रम शिकण्यासारखा आहे. आधीच सांगितलं तर प्रत्येकाला वाटतं, मी फसलो नसतो. एकदा स्वतः चकित झालेला माणूस उलगडा वेगळ्या कानांनी ऐकतो. म्हणून तुमच्या प्रेक्षकालाही, वही भरून झाली की, चेंडूचा खेळ उलगडून दाखवा.

शेवटची पायरी: माहीत असूनही

दुसरा टेबल टेनिसचा चेंडू धारदार कटरने जपून मधोमध कापा. मुलांना कापायला देऊ नका. अर्धी वाटी पालथी करून तर्जनीच्या टोकावर टोपीसारखी बसवा आणि बरोबर वरून, एक डोळा मिटून बघा. खाली पोकळ आहे, आत तुमचं बोट आहे, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. तरी बोटावर अख्खा चेंडू तोलून धरल्यासारखा दिसेल. न दिसणारा खालचा अर्धा भाग मन भरून काढतं, रेघांच्या वहीवर काढला होता तसाच. जादूगार एका चेंडूचे चार करताना अशीच वाटी वापरतात.

थोडा वेळ तसंच बघत राहा. वेब्यॉर्न एक्रोल या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत २०१६ मध्ये नोंदवलं, की अशा वेळी लोकांना आपलं बोट आखूड झाल्यासारखं वाटतं. त्या अख्ख्या, नसलेल्या चेंडूला जागा हवी, म्हणून मन बोट मागे सरकवतं. मला दरवेळी वाटतं. तुम्हाला वाटलं का, तेही वहीत लिहा, पहिल्या पानावरच्या आरशाच्या नोंदीखाली.